पाकिटातली पाळी

शनिवार सकाळ. नवरा भाजी आणायला गेलाय, कुकर लावून झालाय, आणि गेला दीड महिना 'लिहू की नको' करत असलेला विषय आज एकदाचा लिहून टाकतेय. ज्यांना 'पाळी' हा शब्द वाचायला अवघड वाटतो त्यांनी इथूनच परत फिरावं. पुढच्या शनिवारी नेहमीसारखं ट्रेक नाहीतर मिसळ असं काहीतरी असेल. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा, लांबण लागणार आहे.

तर झालं असं की गेल्या जुलैमध्ये मी गर्भनिरोधक गोळ्या बंद केल्या. जवळजवळ आठ वर्षं घेत होते. लग्नाला तीन वर्षं झाली, आता मूल हवं असं दोघांनाही वाटायला लागलं होतं, बस, एवढंच कारण. शेवटचं पाकीट संपलं, तीन-चार दिवसांनी नेहमीसारखा रक्तस्राव झाला, आणि मग... मग काहीच नाही. गणपती आले-गेले, नवरात्र झालं, दिवाळीचा फराळ संपून डब्याच्या तळाशी नुसता चिवड्याचा चुरा उरला. पाळीचा पत्ता नाही.

आपल्या मराठीत 'पाळी चुकली' या वाक्याचा एकच अर्थ होतो. सासूबाईंनी मला तोंडाने काही विचारलं नाही, पण घरात पपई येणं बंद झालं. मी गुपचूप तीन वेळा टेस्ट केली. तिन्ही वेळा एकच रेघ. शेवटी आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "तरी मी सांगत होते, इतकी वर्षं त्या गोळ्या घेऊ नकोस म्हणून. अंगात उष्णता झाली असणार." ऑफिसात जेवताना विषय काढला तर टेबलावरच्या प्रत्येकीकडे एक वहिनी, एक मावसबहीण निघाली, जिची 'गोळ्यांनी पाळीच गेली'. डिसेंबरपर्यंत माझ्या आजूबाजूच्या तमाम जनतेने निकाल देऊन टाकला होता की गोळीने घात केला. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा.

आणि हे मी, जिला कामावर याच गोष्टीचा पगार मिळतो! प्रॉडक्शनवर काही फुटलं की सगळे आधी बघतात, शेवटचा बदल कुणी केला. जो सापडेल त्याची मान धरायची. पण थोडी वर्षं या धंद्यात काढली की कळतं, कित्येकदा बग जुनाच असतो. नवीन बदलाने फक्त त्याच्यावरचं पांघरूण काढलेलं असतं. ऑफिसात हे मी ज्युनिअर पोरांना ऐकवते. घरी आल्यावर विसरते.

आता थोडं शास्त्र. (पळू नका, सोपं आहे.) मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग असतो. तो ठरावीक अंतराने पिट्युटरी ग्रंथीला इशारे देत राहतो. पिट्युटरी एफएसएच आणि एलएच अशी दोन हार्मोन्स सोडते. त्यांच्यामुळे बीजांडकोशात एक बीज मोठं होतं, इस्ट्रोजेन तयार होतं, गर्भाशयाचं अस्तर जाड होतं. मग बीज सुटतं. ते जिथून सुटलं तिथल्या पेशी साधारण दोन आठवडे प्रोजेस्टेरॉन बनवतात. गर्भ राहिला नाही की प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि अस्तर गळून पडतं. ही खरी पाळी. म्हणजे मागच्या चार-पाच पायऱ्या नीट चालल्या तरच येणारा हा शेवटचा आउटपुट आहे.

गोळीवर असताना यातलं जवळपास काहीच होत नाही. गोळीतून रोज इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखी हार्मोन्स पोटात जातात. मेंदूला वाटतं, खाली माल भरपूर आहे, ऑर्डर द्यायची गरज नाही. एफएसएच-एलएच खाली बसतात, बीज सुटत नाही. एकवीस दिवस झाले की आपण सात दिवस खंड पाडतो, हार्मोन एकदम कमी होतं आणि जे काही पातळसं अस्तर झालेलं असतं ते गळतं. सरकारी माला-डी, माला-एनचं पाकीट पाहिलं असेल तर त्यात २१ पांढऱ्या गोळ्या असतात आणि ७ तपकिरी. त्या तपकिरी गोळ्यांत हार्मोन नसतं, नुसतं लोह असतं, रोजची सवय मोडू नये म्हणून. रक्तस्राव होतो तो त्या तपकिरी आठवड्यात. म्हणजे महिन्याच्या महिन्याला न चुकता येणारी ती 'पाळी' तुमच्या शरीराची नसतेच. ती पाकिटाची असते.

आमच्याकडे टेस्टिंग करताना खरी सर्व्हिस तयार नसेल तर तिच्या जागी मॉक लावतात. कसलीही रिक्वेस्ट टाका, मॉक म्हणणार 'ओके'. खरी सर्व्हिस जिवंत आहे का मेली आहे, याच्याशी त्या 'ओके'चा काही संबंध नसतो. मी आठ वर्षं दर महिन्याला 'ओके' वाचत होते. मॉक काढला आणि पहिल्यांदाच खऱ्या सर्व्हिसला हाक मारली. ती उत्तर देईना.

बरं, गोळी बंद केल्यावर खरी सर्व्हिस उठायला किती वेळ लागावा? 'गोळीनंतर पाळी न येणे' याला डॉक्टरांनी १९६० च्या दशकात वेगळं नावसुद्धा देऊन टाकलं होतं, जणू हा गोळीनेच केलेला आजार आहे. पुढे लोकांनी मोजून बघितलं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खंडच न पाडता सलग गोळी घेणाऱ्या १८७ बायका होत्या. गोळी थांबवल्यावर ९० दिवसांच्या आत जवळजवळ ९९ टक्के जणींना पाळी आली किंवा दिवस गेले, आणि निम्म्या जणींना तर ३२ दिवसांतच. म्हणजे गोळीचा अंमल फार काळ रेंगाळत नाही. तीन महिने झाले आणि पाळी नाही, तर 'अजून गोळीचा परिणाम असेल' म्हणून बसून राहायचं नसतं, डॉक्टर गाठायचा असतो. मी सहा महिने बसले. थोडा आळस, बरीचशी भीती.

(तीन महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शनचं गणित वेगळं आहे हं. सरकारी दवाखान्यात २०१७ पासून 'अंतरा' नावाने मिळतं ते. ते थांबवल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. लोक ही दोन्ही एकाच पिशवीत टाकतात आणि इंजेक्शनची गोष्ट गोळीच्या नावावर खपवतात.)

जानेवारीत शेवटी गेले एकदाची. या डॉक्टरबाई नवीन होत्या. त्यांनी गोळ्यांबद्दल एक अक्षर विचारायच्या आधी विचारलं, "गोळ्या सुरू करण्यापूर्वी पाळी कशी होती?"

इतका साधा प्रश्न. आठ वर्षांत कुणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही नाही.

गोळ्या सुरू करण्यापूर्वी माझी पाळी दोन-दोन, कधी तीन-तीन महिने यायची नाही. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. हनुवटीवर राठ केस यायला लागले होते, तोंडभर मुरमं. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा आई गावातल्या एका दवाखान्यात घेऊन गेली. बाहेर बाकावर पंचवीसेक बायका. आत जेमतेम पाच मिनिटं. डॉक्टर बोलत होते आईशी, मी मध्ये टेबलावरच्या पेपरवेटसारखी. "नियमित होण्यासाठी गोळ्या देतो. सहा महिने द्या. लग्न झालं की सगळं आपोआप ठीक होतं." रक्तदाब मोजला नाही. डोकं दुखतं का, घरात कुणाला रक्ताची गुठळी झाली होती का, काही नाही. खरं तर इस्ट्रोजेन असलेली गोळी सुरू करताना हे विचारायलाच हवं. पण मुख्य म्हणजे, गोळी कसली आहे ते सांगितलं नाही. आईने घरी येऊन आत्याला सांगितलं, "हिला रक्ताच्या गोळ्या दिल्यात."

कसल्या गोळ्या ते मला हॉस्टेलवर कळलं. रूममेटने पाकीट हातात घेतलं, उलटून वाचलं आणि भुवई वर करून म्हणाली, "काय गं, काय चाललंय काय?" मी तिला आईच्या शपथा घेऊन सांगत होते की हे रक्ताचं आहे. आता आठवलं की हसू येतं. तेव्हा रडले होते.

पण गोळ्यांनी जादू केली. मुरमं गेली. पाळी अशी यायला लागली की तारीख सांगावी. सहा महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, बरं चाललंय ना, मग चालू ठेव. शेवटच्या वर्षी परीक्षेच्या धांदलीत दोन महिने आणायच्या राहिल्या, तर पाळी गायब. मी म्हटलं, परीक्षेचं टेन्शन. आणि परत सुरू केल्या. मग नोकरी, मग लग्न. लग्नानंतर त्याच गोळ्यांचं काम बदललं, पाकीट तेच राहिलं. मी पक्कं धरून चालले होते की मला जे काही होतं ते विशीत बरं झालं.

आता तपासण्या झाल्या. आधी पुन्हा एकदा प्रेग्नन्सी टेस्ट, मग थायरॉईड, प्रोलॅक्टिन, एफएसएच, टेस्टोस्टेरॉन, सोनोग्राफी. निदान, पीसीओएस. अनियमित पाळी, वाढलेली पुरुषी हार्मोन्स किंवा त्यांची लक्षणं, आणि सोनोग्राफीत दिसणारे बीजांडकोश, या तिनांतलं दोन असलं की पीसीओएस म्हणायचं, असा निकष २००३ मध्ये रॉटरडॅमला ठरला, आणि २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही पाया तोच आहे (फक्त मोठ्या बायकांत सोनोग्राफीऐवजी एएमएच नावाची रक्ततपासणी चालते). मला विसाव्या वर्षी त्यातल्या दोन गोष्टी उघड उघड होत्या. एक तर हनुवटीवरच होती!

आता मला जे म्हणायचंय ते इथे आहे, आणि ते जरा नीट वाचा, कारण दोन्ही बाजूंनी लोक चुकीचं ऐकतात.

गोळी देणं ही चूक नव्हती. पीसीओएसमध्ये मूल नको असेल तेव्हा पाळी नियमित करायला आणि केस-मुरमांवर आजही हीच गोळी देतात. उलट ती नसती तर महिनोन्‌महिने पाळी न येता अस्तर नुसतं वाढत राहिलं असतं, आणि अस्तर वर्षानुवर्षं असं वाढत राहणं गर्भाशयाच्या कर्करोगाच्या दृष्टीने चांगलं नसतं. म्हणजे गोळीने माझं रक्षणच केलं. चूक होती ती न सांगण्याची. 'तुला बहुधा अमुक आहे. ही गोळी ते झाकेल, बरं करणार नाही. ही गर्भनिरोधक आहे. थांबवशील तेव्हा जुनं सगळं परत दिसेल, आणि मूल हवं असेल तेव्हा आधी येऊन भेट.' मी घड्याळ लावून वाचलं, अर्धा मिनिटसुद्धा लागत नाही. त्या पाच मिनिटांत हे बसलं असतं. मग मी आठ वर्षांत साखर तपासली असती, वजनाकडे पाहिलं असतं, आणि सहा महिने पपई न खाता काढले नसते.

'नियमित होण्यासाठी गोळी' हे वाक्यच फसवं आहे. नियमित काय होतं? रक्तस्राव. पाळी नाही. आणि गंमत म्हणजे ही फसवाफसवी गोळीच्या जन्मापासूनची आहे. अमेरिकेत १९५७ साली एनोविड बाजारात आली ती पाळीच्या तक्रारींवरचं औषध म्हणून, गर्भनिरोधक म्हणून तिला परवानगी मिळाली १९६० मध्ये. दर महिन्याला थोडे दिवस खंड पाडून रक्तस्राव होऊ द्यायचा, म्हणजे बायकांना सगळं नैसर्गिक वाटेल, ही योजना ग्रेगरी पिंकस आणि जॉन रॉक यांच्या काळातली. त्या सात दिवसांच्या खंडाचा आरोग्याला काही फायदा नाही, असं ब्रिटनमधल्या या विषयातल्या तज्ज्ञ संस्थेने, एफएसआरएचने, २०१९ मध्ये लिहून टाकलं. साठ वर्षं आपण एक देखावा पाळत होतो.

आणि आपल्या घरांतला दुटप्पीपणा बघा. सत्यनारायण निघाला, मुंज निघाली की पाळी पुढे ढकलायची गोळी मेडिकलमधून कोण आणतं? आईच. नॉरेथिस्टेरॉन हे पण हार्मोनच आहे की! तेव्हा कुणाला उष्णता आठवत नाही, कुणी कुजबुजत नाही. पण तीच मुलगी स्वतःच्या शरीरासाठी हार्मोनची गोळी घेते म्हटलं की तिचं नाव 'रक्ताची गोळी' ठेवावं लागतं. नाव बदललं की प्रश्न विचारता येत नाहीत. ज्या औषधाचं नाव माहीत नाही त्याबद्दल विचारणार काय?

आता दुसरी बाजू, आणि इथे मी स्वतःच आरोपी आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मी टेबलावर बसून 'गोळीने माझी पाळी घालवली' अशी जी रडगाणी गात होते, ती आमच्या टीममधली एक मुलगी ऐकत होती. तीही गोळ्या घ्यायची. घाबरून तिने बंद केल्या, दुसरं काही वापरायच्या आत. 'पाळी परत सुरू होऊ दे, मग बघू' असा तिचा हिशेब. तुम्ही वर वाचलंत ना, आधी बीज सुटतं आणि मग पाळी येते? म्हणजे गोळी थांबवल्यावर पहिली पाळी दिसायच्या आधीच दिवस जाऊ शकतात. तिला गेले. तिला नको असताना. पुढचं तिचं खासगी आहे, ते इथे लिहिणार नाही. मला ती एका शब्दाने बोलली नाही, पण जेवायला आता दुसऱ्या टेबलावर बसते.

डॉक्टरांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. बाहेर पंचवीस बायका बसल्या असताना विसाव्या वर्षाच्या अबोल मुलीला आणि तिच्या घाबरलेल्या आईला हार्मोन समजावणं सोपं नाही. 'गर्भनिरोधक' शब्द उच्चारला असता तर आईने ते पाकीट तिथेच टेबलावर ठेवलं असतं, हेही खरंच. त्यांना वाटलं असेल, निदान गोळी पोटात तरी जाऊ दे. समजतं मला. पण म्हणून आठ वर्षं?

माझं म्हणाल तर डॉक्टरबाईंनी दहा दिवसांच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या दिल्या, त्या संपल्यावर रक्तस्राव झाला. "ही पण खरी पाळी नाही बरं का," त्या म्हणाल्या, "पण यावरून कळलं की अस्तर तयार होतंय, म्हणजे इस्ट्रोजेन आहे." हाही मॉकच, पण सांगून लावलेला. बाकी रोज चालणं, भात कमी, आणि लेट्रोझोल सुरू झालंय, बीज सुटावं म्हणून. (या औषधावर वंध्यत्वाच्या उपचारासाठी आपल्याकडे २०११ मध्ये बंदी होती, २०१७ मध्ये उठली. जगभरच्या सूचनांत पीसीओएससाठी आता तेच पहिल्या पसंतीचं आहे.) पुढे काय होईल ते होईल. सासूबाईंना मी सगळं सांगितलं, पीसीओएस या शब्दासकट. त्या ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "मलाही तीन-तीन महिने यायची नाही गं. आमच्या वेळी कोण विचारतंय." दुसऱ्या दिवशी पपई आली.

हे सगळं आजच लिहायचं कारण वेगळंच आहे. परवा रात्री माझ्या मामेबहिणीचा मेसेज आला. एकोणीस वर्षांची आहे, पुण्यातच इंजिनिअरिंगला. पाळी अडीच-अडीच महिने येत नाही, मामी तिला दाखवून आली. मेसेजमध्ये एका पाकिटाचा फोटो, एकवीस गोळ्या, आणि खाली: "ताई, आई म्हणते रक्ताच्या आहेत. घेऊ ना?"

मी तिला फोन केला. गोळीचं खरं नाव सांगितलं, काय करते ते सांगितलं, घाबरू नकोस म्हटलं, आणि उद्या मी सोबत येते, परत जाऊन विचारू म्हटलं. फोनवर बराच वेळ शांतता. मग तिने अगदी हळू आवाजात विचारलं, "ताई, हॉस्टेलवर कुणी पाकीट बघितलं तर काय सांगू?"

उद्या नऊ वाजताची वेळ घेतली आहे. तिला एका कागदावर प्रश्न लिहून आणायला सांगितलेत. मामी पण येणार म्हणतेय. कुकरची तिसरी शिट्टी झाली, उठते.